पुरुषांच्या छातीचा कर्करोग : ताई, तुमची नजर महत्त्वाची



स्तनाचा कर्करोग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाईच येते. गटाच्या बैठकीत आपण स्वतःची तपासणी कशी करायची ते शिकलो. कुठे गाठ लागते, बोंडातून पाणी येतं का, हे बघायला आता बऱ्याच ताई लाजत नाहीत. ही मोठीच कमाई आहे. या वेळचा पाठ त्याच आजारावर आहे, पण घरातल्या पुरुषांसाठी. मालक, सासरे, दीर, भाऊ, वडील यांच्यासाठी.

"पुरुषांना कुठं स्तन असतात?" हा प्रश्न लगेच येईल. असतात. लहानपणी मुलगा आणि मुलगी दोघांच्या छातीत बोंडामागे थोडीशी सारखीच ग्रंथी असते. वयात येताना मुलीची वाढते, मुलाची तेवढीच राहते. पण ती नाहीशी होत नाही. जिथे ग्रंथी आहे तिथे कर्करोग होऊ शकतो.

किती जणांना होतो?

फार थोड्यांना. स्तनाच्या कर्करोगाचे १०० रुग्ण घेतले, तर त्यात साधारण १ पुरुष असतो. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने झाल्याचा जागतिक अंदाज आहे. त्या मानाने पुरुषांचा आकडा लहान. अमेरिकेत, जिथे नोंदी चोख ठेवतात, वर्षाला सुमारे २,८०० पुरुषांना हा आजार सापडतो.

मग इतक्या थोड्यांना होणाऱ्या आजारावर पाठ कशाला? कारण बाईपेक्षा पुरुषाचा आजार उशिरा सापडतो. "हा आपला आजारच नाही" असं त्याला वाटतं, घरच्यांना वाटतं, आणि कधी कधी दवाखान्यातही पटकन डोक्यात येत नाही. पुरुषाच्या छातीत मांस-चरबी कमी. त्यामुळे गाठ लहान असली तरी लवकर कातडीपर्यंत आणि खालच्या स्नायूपर्यंत पोचते. म्हणजे ज्याला वेळ कमी, तोच जास्त वेळ घालवतो.

आपल्याकडे शब्दाचाही घोटाळा होतो. पुरुष डॉक्टरला सांगतो, "छातीत दुखतंय." डॉक्टर हृदयाची पट्टी काढतात. पट्टी चांगली येते आणि माणूस निश्चिंत होऊन घरी येतो. म्हणून सांगताना नीट सांगायचं : "बोंडाजवळ गाठ आहे, हात लावून बघा."

कोणती लक्षणं बघायची?

१. बोंडाच्या मागे किंवा बाजूला टणक गाठ. हरभऱ्याएवढी असो की सुपारीएवढी. बहुतेक वेळा ती दुखत नाही. न दुखणं ही चांगली खूण आहे असं समजू नका.

२. बोंड आत ओढलं जाणं, वाकडं होणं.

३. बोंडातून पाणी किंवा रक्त येणं.

४. बोंडावर न भरणारी जखम, खपली किंवा खाज.

५. छातीची कातडी खेचल्यासारखी होणं, खळी पडणं, जाड होणं.

६. काखेत किंवा गळ्याच्या हाडाजवळ गाठ.

हे बहुधा एकाच बाजूला असतं. आजार साठीच्या आसपास आणि पुढे जास्त दिसतो, पण तरुण माणसालाही होऊ शकतो.

यातलं तिसरं लक्षण ताईंना आधी कळतं. कसं? धुणं आपण धुतो! बंडीवर, बनियनवर, चादरीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा डाग दिसला तर तो तंबाखूचा, मातीचा की रक्ताचा, हे आपल्याला कळतं. अमेरिकेतले मॅथ्यू नोल्स यांचं उदाहरण जगभर माहीत आहे. बियॉन्से या प्रसिद्ध गायिकेचे ते वडील. त्यांच्या पांढऱ्या बनियनवर रक्ताचा ठिपका दिसला. एकदा नाही, परत परत. मग त्यांची बायको म्हणाली की चादर धुताना मलाही ठिपके दिसले होते. ते डॉक्टरकडे गेले, तपासणीत स्तनाचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी हे टीव्हीवर उघडपणे सांगितलं, म्हणजे इतर पुरुषांनी लाजू नये.

दुर्मिळ पण फार वेगाने वाढणारा प्रकार

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बैठकीत हा दोनदा वाचा.

स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की त्यात बऱ्याचदा हाताला गाठच लागत नाही. त्याला दाहक स्तनकर्करोग म्हणतात. १०० स्तनकर्करोगांत हा १ ते ५ जणांत दिसतो. पुरुषांत तर अतिशय क्वचित. पण झाला तर तो महिन्यांत नाही, आठवड्यांत वाढतो.

तो दिसतो कसा? छातीची एक बाजू लाल किंवा जांभळट होते. सावळ्या अंगावर लाल रंग चटकन दिसत नाही, तिथे कातडी काळपट किंवा गडद वाटते. ती बाजू सुजते, हाताला गरम लागते, जड वाटते. कातडीवर बारीक खड्डे पडतात, संत्र्याच्या सालीवर असतात तसे. बोंड चपटं होतं किंवा आत जातं.

असं का होतं? आपल्या कातडीखाली रक्तवाहिन्यांसारख्याच दुसऱ्या बारीक नळ्या असतात. त्यातून अंगातलं जादा पाणी वाहून जातं. कर्करोगाच्या पेशी या नळ्यांमध्ये शिरून त्या तुंबवतात. पाट तुंबला की पाणी वावरात पसरतं ना, तसंच पाणी कातडीत साचतं. म्हणून सूज, म्हणून लाली, म्हणून खड्डे.

आता विचार करा. लाल, सुजलेलं, गरम. हे बघून आपल्या मनात काय येतं? गळू. केसतूड. मुका मार. "पोतं उचलताना लागलं असेल." "बैलाने ढुशी मारली होती ना, तेच." आणि मग सुरू होतं : हळदीचा लेप, झाडपाला, कुठे बिब्बा, तर कुठे डागणी. बिब्ब्याने कातडी भाजते, जखम होते, आणि खरा आजार त्या जखमेखाली झाकला जातो. ताईंनो, छातीच्या सुजेवर बिब्बा लावू नका आणि डागू देऊ नका.

डॉक्टरही अशा वेळी आधी जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकाच्या गोळ्या देतात. ते चुकीचं नाही, कारण खरोखर गळू असेल तर गोळ्यांनी आठवडा-दहा दिवसांत फरक पडतो. पण फरक पडला नाही तर त्याच गोळ्या आणखी दहा दिवस, मग दुसऱ्या गोळ्या, असं करत महिना घालवायचा नाही. तिथूनच पुढच्या तपासणीला जायचं.

म्हणून दोन नियम पाठ करा :

गाठीचा नियम : बोंडाजवळ किंवा काखेत गाठ दिसली की १५ दिवसांच्या आत डॉक्टरचा हात लागलाच पाहिजे. दुखो अगर न दुखो.

लालीचा नियम : छातीची लाली-सूज गोळ्या घेऊन १० दिवसांत उतरली नाही, तर मोठ्या दवाखान्यात जाऊन म्हणायचं, "कातडीचा आणि आतला तुकडा काढून तपासा."

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

घाबरवण्यासाठी हा पाठ नाही. पुरुषाच्या छातीतली बहुतेक वाढ साधी असते.

तुमचा १३-१४ वर्षांचा मुलगा सांगू लागला की बोंडाखाली गाठ आली, हात लावला की दुखते, तर घाबरू नका. वयात येताना कितीतरी मुलांना असं होतं आणि सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. पोराला चिडवू नका, चिडवू देऊ नका. उतारवयातही छाती थोडी वाढते. काही औषधांनी वाढते, दारूने यकृत खराब झालं तरी वाढते. अशी वाढ मऊ किंवा रबरासारखी, बोंडाच्या बरोबर खाली, पुष्कळदा दोन्ही बाजूंना, आणि दाबल्यावर दुखरी असते. चरबीची गाठ कातडीखाली मऊ लागते, बोटाने सरकते.

कर्करोगाची गाठ बहुधा टणक, एका बाजूला, खाली चिकटल्यासारखी. पण हा फरक आपण घरी ठरवायचा नाही. आपलं काम दवाखान्यापर्यंत न्यायचं. ठरवायचं काम डॉक्टरचं आणि तपासणीचं.

कोणाला जास्त धोका?

• वय ६० च्या पुढे.

• घरात आई, बहीण, मावशी, आत्या, भाऊ, वडील यांच्यापैकी कुणाला स्तनाचा कर्करोग, किंवा कुणा बाईला अंडाशयाचा कर्करोग झालेला असेल.

• दारूने किंवा काविळीने यकृत कायमचं खराब झालेलं असेल. यकृत बिघडलं की पुरुषाच्या अंगात बाईचं संप्रेरक वाढतं.

• खूप लठ्ठपणा.

• आधी दुसऱ्या आजारासाठी छातीवर रेडिएशन घेतलेलं असेल.

• अंडकोषाचे काही आजार, किंवा क्लाइनफेल्टर नावाचा जन्मजात दोष. यात मुलाला एक जादा गुणसूत्र असतं.

यातलं काहीही नसलेल्या माणसालाही हा आजार होतो. त्यामुळे "आमच्या घराण्यात नाही" म्हणून लक्षण सोडून द्यायचं नाही.

लेकींचा प्रश्न

घराण्याचा मुद्दा थोडा उलगडून सांगते, कारण इथे तुमच्या मुलींचा संबंध येतो.

काही कुटुंबांत बीआरसीए नावाच्या जनुकात बिघाड असतो. जनुक म्हणजे आईबापाकडून मुलांना मिळणारी सूचना. बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्या १०० पुरुषांपैकी साधारण ७ जणांना आयुष्यात स्तनाचा कर्करोग होतो. मॅथ्यू नोल्स यांनाही हाच बिघाड होता. हा बिघाड बापाकडून मुलाला किंवा मुलीला जाण्याची शक्यता निम्मी असते. आणि तो मुलीकडे गेला तर तिला स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो.

आपण बायकांना विचारतो, "आईला होता का? मावशीला होता का?" वडिलांकडचं कोणी विचारत नाही. पण बाप निरोगी असूनही हा बिघाड त्याच्याकडून मुलीला येऊ शकतो. म्हणून पुरुषाला स्तनाचा कर्करोग निघाला, तर डॉक्टरांना हे जरूर विचारा : "जनुकाची तपासणी करायची का? आमच्या मुलींनी, नणंदांनी काय करायचं?" नोल्स यांनी आपल्या मुलींनाही तपासणी करायला सांगितलं होतं. बिघाड निघालेल्या पुरुषाने वयाच्या ३५ पासून स्वतःची तपासणी करावी आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून करून घ्यावी.

लग्नाच्या मुलीचं नाव खराब होईल म्हणून हे लपवलं जातं, हे मला माहीत आहे. पण लपवल्याने बिघाड जात नाही. माहीत असलं तर मुलगी वेळेवर तपासणी करते आणि वाचते.

घरी कसं बघायचं?

आंघोळीच्या वेळी साबणाचा हात असताना हे सोपं जातं. मधली तीन बोटं सपाट ठेवून बोंडाभोवती गोल गोल दाबत जायचं. आधी हलकं, मग जरा जोरात. तसंच गळ्याच्या हाडापर्यंत आणि काखेत. दोन्ही बाजू करायच्या, म्हणजे फरक कळतो. मग आरशासमोर हात वर करून बघायचं : एक बोंड वर-खाली दिसतं का, कुठे खळी पडते का. दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्या पुरुषांनी रोज तपासत बसायची गरज नाही. पण साठीच्या पुढच्या, आणि घरात हा आजार झालेल्या पुरुषांनी महिन्यातून एकदा करायला काय हरकत आहे?

हाताने केलेल्या तपासणीला कमी समजू नका. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. त्यात प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन फक्त हाताने तपासत होत्या. आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास बायकांचा होता. पण यातून आपण एवढं घेऊ शकतो की जाणता हात वेळेवर लागला तर जीव वाचतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आशाताई ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. त्यात छातीतल्या गाठीचा प्रश्न बायकांच्या भागात आहे. म्हणजे पुरुषाला तो विचारला जाणार नाही. त्याने, किंवा त्याच्यासाठी तुम्ही, आपणहून सांगायला हवं.

त्यांच्याशी बोलायचं कसं?

खरी अडचण इथेच आहे. लक्षण दिसलं तरी पुरुष सांगत नाही. "बायकांचा आजार मला झाला" ही लाज. कांदा काढायचाय, टोमॅटो तोडायचाय, मार्केट पडलंय, पैसे नाहीत, ही कारणं. आणि मनातली भीती तर कोणी बोलूनच दाखवत नाही.

चारचौघांत विषय काढू नका. पोरांसमोर, सुनेसमोर नको. रात्री निवांत बोला. "तुम्हाला कॅन्सर झालाय की काय" असं म्हणू नका. असं म्हणा : "अहो, बंडीवर तीनदा डाग दिसला. एकदा दाखवून येऊ. मी बरोबर येते." सासऱ्यांना थेट बोलणं अवघड जातं. तिथे सासूबाईंकडून किंवा मुलाकडून बोला. दीर-भाऊ असेल तर त्याच्या मित्राला सांगा. मुद्दा इतकाच की माहिती तुमच्यापाशी अडकून राहू नये.

आणि "कांदा काढून झाल्यावर जाऊ" याला हो म्हणू नका. कांदा गटातल्या चार बायका मिळून काढू शकतात. आपण इर्जिक करत होतोच की!

जायचं कुठे?

पहिली पायरी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून जुन्नर, नारायणगाव किंवा घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. सर्जन कोणत्या वारी असतात ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जात नाही. तिथून पुण्याला ससून रुग्णालयात पाठवतात. मुंबईला परळचं टाटा मेमोरियल आहे, ते १९४१ पासून कर्करोगाचंच काम करतं. टाटाला गेलात तर दादरला श्री गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात.

जाताना आधारकार्ड, रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या-रिपोर्ट एका पिशवीत घ्या. गोळ्या कोणत्या घेतल्या, किती दिवस घेतल्या, हे कागदावर लिहून न्या. लालीचा पहिला दिवस कोणता, तोही लिहा. मोबाइलवर दर दोन दिवसांनी फोटो काढून ठेवला तर आणखी चांगलं. आजार किती वेगाने वाढला हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.

तपासण्या आणि उपचार

आधी डॉक्टर हाताने बघतात. मग सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा खास एक्स-रे. तो पुरुषाचाही काढता येतो. मग बायोप्सी. सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. दाहक प्रकाराची शंका असेल तर कातडीचाही तुकडा घेतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे खोटं आहे. बायोप्सीशिवाय कोणता आजार आणि कोणतं औषध हे कळतच नाही.

साध्या प्रकारात बहुधा आधी शस्त्रक्रिया करून ती बाजू आणि काखेतल्या गाठी काढतात. मग गरजेप्रमाणे केमो आणि रेडिएशन.

दाहक प्रकारात क्रम वेगळा असतो : आधी केमो, काही महिने. सूज-लाली उतरली की शस्त्रक्रिया. त्यानंतर रेडिएशन. "कॅन्सर आहे तर लगेच कापून का टाकत नाहीत?" असं घरच्यांना वाटतं आणि काही जण दुसरीकडे जाऊन घाईने कापून घेतात. तसं करू नका. इथे आजार कातडीभर पसरलेला असतो, तो आधी औषधाने आकसावा लागतो. हा प्रकार अवघड आहे, पण तिन्ही उपचार क्रमाने आणि अर्धवट न सोडता झाले तर अनेक वर्षं जगणारे लोक आहेत.

पुरुषांच्या १० पैकी ९ गाठी संप्रेरकावर वाढणाऱ्या असतात. त्यांच्यावर टॅमोक्सिफेन नावाची गोळी चालते. ती स्वस्त आहे, पण साधारण पाच वर्षं रोज घ्यावी लागते. "ही बायकांची गोळी" म्हणून किंवा अंगातून वाफा येतात म्हणून काही पुरुष ती मध्येच सोडतात. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका.

केमो चालू असताना ताप आला तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात सुजू शकतो. त्या हाताला विळा लागणं, भाजणं, काटे टोचणं टाळा आणि सांगितलेला व्यायाम करा.

हा आजार शिवून, एका ताटात जेवून किंवा एकत्र झोपून पसरत नाही. माणसाला वेगळं ठेवू नका.

पैशाचं काय?

म्हैस विकण्याआधी आणि डोरलं गहाण टाकण्याआधी हे वाचा.

महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मोफत मिळतात. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांचा त्यात समावेश आहे. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू आहे, कार्डाचा रंग कोणताही असो. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, आधी त्यांना भेटा. फोन : १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. कोणी योजनेतल्या उपचाराचे पैसे मागितले तर याच नंबरवर तक्रार करा.

प्रवासाला एसटीत ताईंना निम्मं तिकीट आहेच. ७५ वर्षांपुढच्यांना मोफत, ६५ ते ७५ ला निम्मं. कर्करुग्णांना एसटी आणि रेल्वेत सवलत मिळते, दाखला कोणता लागतो ते रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा.

योजनेत न बसणारा खर्च, म्हणजे राहणं, जेवण, पहिल्या तपासण्या, यासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेता येतं. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर बैठक बोलावून ठराव करा. हा निधी अशाच वेळेसाठी आहे.

बोलल्याने काय होतं?

बार्शीचं एक उदाहरण सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या तीनशेहून जास्त गावांत कार्यकर्ते फिरू लागले. नोंद घ्यायला जायचे आणि जाता जाता लोकांशी लक्षणांबद्दल बोलायचे, दवाखान्यात जायला सांगायचे. मशीन घेऊन गेले नव्हते. तरीही काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. आपल्या दोन तालुक्यांत वाडी-वस्तीपर्यंत गट आहेत. हे काम आपण नक्की करू शकतो. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे ते यासाठीच.

बैठकीतला सराव

ही गोष्ट मोठ्याने वाचा. ती कल्पित आहे. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत एक दादा, वय ५८. उन्हाळ्यात बाळहिरड्याची पोती वाहिली. आठ दिवसांनी उजवी छाती लाल, गरम आणि जड झाली. "पोत्याने लागलं" म्हणून हळद लावली. पंधराव्या दिवशी गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी लाली वाढलेलीच, कातडीवर संत्र्यासारखे खड्डे. शेजारचा म्हणाला, "बिब्बा लाव, गळू फुटेल." दादा म्हणतात, "पाऊस तोंडावर आलाय, भात पेरून मग बघू."

आता गटात चर्चा करा :

१. पहिल्यांदा दवाखान्यात कधी जायला हवं होतं?

२. गोळ्यांनंतर कोणता नियम लागू होतो?

३. बिब्ब्याला काय उत्तर द्याल?

४. पेरणीची अडचण गट कशी सोडवेल?

५. वहिनींनी पिशवीत कोणते कागद घ्यायचे?

६. आजार निघालाच, तर दादांच्या मुली आणि बहिणींसाठी डॉक्टरांना काय विचारायचं?

सचिव ताईंनी उत्तरं इतिवृत्तात लिहावीत. गटातल्या प्रत्येकीने या महिन्यात घरातल्या एका तरी पुरुषाला गाठीचा आणि लालीचा नियम सांगायचा आहे. पुढच्या बैठकीत कोणी कोणाला सांगितलं याची हजेरीबरोबर नोंद घेऊ. आणि कोणाच्या घरी लक्षण दिसलं, तर बैठकीची वाट न बघता आशाताईंना किंवा तुमच्या सीआरपी ताईंना त्याच दिवशी कळवा.